१ लाख ६८ हजार रनिंगची स्कॉर्पिओ: आकडा बघायचा की गाडी?

शाहूपुरीकर
साताऱ्यात एक स्कॉर्पिओ बघून ठेवलीय. २०१६ चं मॉडेल, एमएच ११ पासिंग, डिझेल, दुसरा मालक, रनिंग १ लाख ६८ हजार किलोमीटर. मालक बांधकामाचे ठेकेदार आहेत. घरात आणि मित्रांत सगळ्यांचं एकच पालुपद, "एवढी पळालेली गाडी कोण घेतं का?" माझं म्हणणं उलटं आहे. याच पैशात नवी घ्यायची तर छोटी पेट्रोल गाडी येईल. आमचं शेत मेढ्याच्या पुढं, पावसाळ्यात त्या वाटेवर तिचं पोट घासणार. आकड्याला घाबरून दणकट गाडी सोडणं मला पटत नाही. ज्यांना पटतं त्यांनी कारण सांगा, नुसतं 'नको' म्हणू नका.

विटा_गॅरेज
कारण सांगतो दादा. इंजिन टिकेल, त्याबद्दल वाद नाही. पण गाडी म्हणजे नुसतं इंजिन नव्हे. दीड लाख किलोमीटरच्या पुढं क्लच, सस्पेन्शनचे बुश, बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग, नोझल, टर्बो, रेडिएटर यातलं जे जुन्या मालकानं बदललं नसेल ते सगळं तुमच्या गळ्यात. आणि माणूस गाडी विकायला काढतो कधी? मोठ्या बिलाची चाहूल लागली की. गाडी केवढ्याला घेतली ते सगळे सांगत फिरतात, पहिल्या वर्षात गॅरेजला किती गेले ते कोण सांगत नाही. कमी पळालेली घ्या, लहान असली तरी चालेल.

हायवे_४८
विटेकरांचं निम्मं पटलं. पण किलोमीटर कुठले ते तरी विचारा. सातारा-पुणे ये-जा करणारी गाडी टॉप गिअरमध्ये एकसारखी पळते, क्लच-ब्रेकला काम कमी. उलट गावातल्या गावात पोरांना शाळेत सोडणारी साठ हजार रनिंगची गाडी बघा. इंजिन धड गरमच होत नाही आणि क्लच कायम अर्धा दाबलेला. त्यात ती बीएस ६ म्हणजे नव्या प्रदूषण नियमांतली डिझेल असेल, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरची, तर धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, असल्या फेऱ्यांत तुंबतो. २०१६ च्या गाडीला ती कटकट नाही.

इंजिन बघायचं तर सकाळी, पहिला स्टार्ट मारायच्या आधी पोचा. बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर तुमच्या आधी कुणीतरी चालू करून ठेवलीय. थंड असतानाच कूलंटच्या टाकीचं झाकण उघडा, वर तेलाचा तवंग नको. मग स्टार्ट. मागं धूर बघायला दुसरा माणूस उभा करा. सुरुवातीला थोडा पांढरा चालतो. निळा म्हणजे ऑइल जळतंय. रेस दिल्यावर काळा लोट आला तर नोझल, टर्बो नाहीतर हवेचा पाइप, काहीतरी बघावं लागणार. इंजिन गरम झालं की आयडलवर ऑइल भरायचं झाकण सैल करून जागेवर तसंच ठेवा. जरा थरथरेल, ते ठीक. उडायला लागलं आणि भोकातून भकाभका धूर आला तर पिस्टनच्या रिंगांचं काम निघालंय असं समजा आणि चहा न घेता निघा.

आयर्विनखालचा
तुम्ही लोक किलोमीटरवर भांडत बसा. आमच्या सांगलीत पहिला प्रश्न एकच असतो: ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये ही गाडी कुठं उभी होती? आयर्विन पुलाची धोका पातळी ४५ फूट. दोन्ही वेळा कृष्णा त्याच्या वर होती. पार्किंगमधल्या किती गाड्या छतापर्यंत बुडाल्या ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय. धुऊन, पॉलिश मारून, नवे सीटकव्हर घालून उभी केलेली गाडी ओळखायची कशी? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, रिळाजवळच्या पट्ट्यावर गाळाचा डाग राहतो. सीट पुढं सरकवून खालच्या रुळांचे बोल्ट बघा, गंज चढलेला दिसेल. कार्पेटचा कोपरा उचलून वास घ्या. डॅशबोर्डखाली टॉर्च मारा, वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट पावडर असेल तर ती गाडी फुकट दिली तरी नको. इंजिन एकदा उघडून दुरुस्त होतं. वायरिंगचं भूत मात्र दर पावसाळ्यात उठतं.

शाहूपुरीकर
अहो पण गाडी साताऱ्याची आहे, कृष्णेच्या पुराचा काय संबंध?

आयर्विनखालचा
तुमचे ठेकेदार दुसरे मालक. पहिला कुठला? पूर आलेल्या गावात पुराची गाडी कोण विकतं का भावा? ती पन्नास-शंभर किलोमीटर लांब नेऊनच विकतात.

विटा_गॅरेज
ह्यांचं बरोबर. आणि मीटरचं काय? १ लाख ६८ हा आकडा खरा कशावरून?

कासचा_वारा
मीटर मारणारा माणूस तो १ लाख ६८ वर कशाला थांबवेल? ७२ हजार करेल. मला तर मोठा आकडा उघड दाखवणारा विक्रेता जास्त भरवशाचा वाटतो. 'फर्स्ट ओनर, डॉक्टर मालक, ५५ हजार रनिंग' म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो.

विटा_गॅरेज
खुळं लॉजिक हाय राव. २ लाख ६८ चा १ लाख ६८ केला असला तर? आमच्याकडं असल्या गाड्या येतात. ब्रेक पेडलचा रबर गुळगुळीत, स्टेअरिंगची कातडी चकाकतीय, ड्रायव्हरच्या सीटची कड बसलेली, आणि मीटर सांगतंय 'मी तरुण हाय'. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. स्टेपनीचेही बघा, टायरचं वय मीटरशी जुळतंय का. आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नंबर देऊन प्रत्येक सर्व्हिसला किती रनिंग नोंदलंय ते काढायला लावा. मालकाला सोबत न्या, नाहीतर देत नाहीत.

कासचा_वारा
रेकॉर्डचं मान्य. पण तीन वर्षांनी सर्व्हिस सेंटर सोडून ओळखीच्या मिस्त्रीकडं जाणारे निम्मे सातारकर आहेत, त्यांना रेकॉर्ड नाही म्हणून चोर ठरवू नका. त्यापेक्षा यवतेश्वरचा घाट सांगेल. चार माणसं बसवा आणि वर चढवा. वरच्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिल्यावर इंजिनचा आवाज चढतोय आणि गाडी तशीच रेंगाळतीय, म्हणजे क्लच घसरतोय. टेम्परेचरचा काटा हलतोय का बघा. उतरताना ब्रेक मारल्यावर स्टेअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या. कच्च्या रस्त्यावर एसी, टेप, सगळं बंद करून काच खाली घ्या. खडखड कुठून येतीय ते कानाला कळतं.

मिरजेची_वकीलबाई
मशीन तुम्ही बघा, कागदांचं मी सांगते. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. 'लोन कधीच फिटलंय' हे तोंडी वाक्य आरटीओत चालत नाही. थकीत ई-चलन आधी भरून घ्या. २०१६ ची गाडी आहे, म्हणजे एप्रिल २०१९ पूर्वीची, तिला नवी एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावलेली हवी. हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३० लागतात, सह्या तुमच्यासमोर होऊ द्या. विमा चौदा दिवसांत नावावर करायला टाका. नाहीतर थर्ड पार्टी विमा चालू राहील, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडेल. २०३१ मध्ये पंधरा वर्षं भरतील, मग फेरनोंदणी आणि पर्यावरण कर. भाव करताना हे लक्षात असू द्या.

आणि विकणाऱ्यांनीही ऐका. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. 'नंतर करू ट्रान्सफर' म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका.

शाहूपुरीकर
मालकांना फोन केला. सकाळी गाडी थंड असताना दाखवायला जमणार नाही म्हणाले, दहानंतर या.

विटा_गॅरेज
घ्या. मिळालं उत्तर.

हायवे_४८
लगेच काय? ठेकेदार माणूस, सहाला साइटवर जात असेल.

विटा_गॅरेज
मग पाचला जा की. गाडी घ्यायचीय का झोपायचंय?

देशमुखीण_वाई
आमच्याकडं टायमिंग बेल्टची डस्टर होती, म्हणून एक भर घालते. स्कॉर्पिओच्या एमहॉक इंजिनला चेन असते, पण ही यादी वाचून दुसरा कोणी डस्टर किंवा कंपास डिझेल बघत असेल तर बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. बिल नाही म्हणजे बदललेला नाही, असं धरून तेवढे पैसे भावातून कमी करा. चालत्या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. स्कॉर्पिओत त्यापेक्षा चासी बघा. रॅम्पवर चढवून खालून, पुढच्या टोकापासून. ओढूनताणून सरळ केलेल्या, वेल्डिंग मारून काळा रंग फासलेल्या जागा तिथंच सापडतात.

विटा_गॅरेज
वहिनी बरोबर बोलल्या. एवढं सगळं बघून गाडी पास झाली तरी मी म्हणेन किमतीच्या पंधरा-वीस टक्के दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. तेवढे नसतील तर बजेटच कमी धरा आणि त्यातली गाडी बघा.

शाहूपुरीकर
ठेकेदारांना पुन्हा फोन लावला. गुरुवारी साडेपाचला या म्हणाले, जरा वैतागलेच. शाहूपुरीतला एक मिस्त्री सोबत येतोय. पहिले मालक सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे निघाले, त्यांचाही नंबर मागितलाय. विटेकर, तुमचं अजून 'नको'च आहे ना?

विटा_गॅरेज
नकोच. पण घेतलीत तर दर सात-आठ हजार किलोमीटरला ऑइल बदला, पुस्तकात दहा लिहिलं असलं तरी.