पार्कातल्या साइटसाठी कॅम्पर ट्रेलर: फॉरवर्ड फोल्ड, रिअर फोल्ड की विंड-अप?

यारा_काठचा

मंडळी, कॅम्पर ट्रेलर (गाडीमागे ओढायचा, मुक्कामाला उघडला की कॅनव्हासची खोली होणारा) घ्यायचं घरात पक्कं झालंय पण लेआउटपाशी येऊन घोडं अडलंय. आम्ही चौघं, मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ७, आणि डिसेंबर-जानेवारीत आई-बाबा पुण्याहून येतात तेव्हा सहा जण. आत्तापर्यंत तंबूवर भागवलं. फिरणं जवळपास सगळं ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातच, ग्रेट ओशन रोड, फिलिप आयलंड, लेक्स एंट्रन्स असं, दोन-तीन रात्री, आणि कायम कॅराव्हॅन पार्कात पॉवर्ड (वीज असलेल्या) साइटवर, कारण मुलांना जंपिंग पिलो (उड्या मारायची फुगवलेली गादी) आणि स्विमिंग पूल हवा असतो आणि आईला स्वच्छ टॉयलेट जवळ लागतं. आउटबॅकला, म्हणजे आतल्या ओसाड भागात जायचा विचार नाहीये.

पण ट्रेलर विकणाऱ्या ज्या यार्डात जावं तिथे ऑफ-रोड फॉरवर्ड फोल्डच (पुढे उलगडणारे) दाखवतात, सस्पेन्शन किती भारी आहे आणि नदीतून कसा जातो हेच अर्धा तास ऐकवतात. पार्कातल्या साइटवर तो नीट मावेल का विचारलं की "मावेल हो" एवढंच उत्तर. गाडी मध्यम एसयूव्ही आहे, ब्रेक्ड टोइंग १८०० किलो, म्हणजे ब्रेक असलेला ट्रेलर तेवढ्या वजनापर्यंत ओढते. पार्कात नियमित जाणाऱ्यांनी कृपया सांगा, फॉरवर्ड फोल्ड, रिअर फोल्ड (मागे उलगडणारा), सॉफ्ट फ्लोअर (बाजूला जमिनीवर तंबू उघडणारा) की ते जेको कंपनीच्या स्वानसारखं हँडल फिरवून छप्पर वर घ्यायचं विंड-अप? आई-बाबांना पार्कातली वेगळी केबिन घ्यायची की यातच सगळे झोपू शकतो हेही सांगा.

---

तंबू_ते_ट्रेलर

बेड किती आहेत हे नंतर बघा, आधी हे बघा की ट्रेलर उघडल्यावर कुठल्या दिशेला वाढतो. पार्कात सगळा खेळ त्यावर आहे.

पार्कातली साइट आखलेली असते कॅराव्हॅन डोळ्यासमोर ठेवून. इथे आपण डावीकडून गाडी चालवतो म्हणून व्हॅनचं दार आणि ऑनिंग (बाहेर ओढायचं कापडी छत) डाव्या बाजूला असतं, मग व्हॅन रिव्हर्सने आत घातली की तिच्या डावीकडे बसा-उठायची जागा आणि बऱ्याच पार्कांत तिथेच काँक्रीटचा स्लॅब, आणि विजेचा खांब आणि नळ बहुतेक मागच्या कोपऱ्यात उजव्या अंगाला. म्हणजे डावीकडचा पट्टा हे तुमचं अंगण झालं, ते मोकळं राहिलं पाहिजे.

आता लेआउट लावून बघा. फॉरवर्ड फोल्ड पुढे ड्रॉबारवर (गाडीला जोडायच्या पुढच्या दांड्यावर) उलगडतो, क्वीन बेड ड्रॉबारच्या वर येतो आणि बसायचं यू आकाराचं लाउंज ट्रेलरच्या पोटात. ड्रॉबारची लांबी तशीही साइटवर जाणारच असते, तिचाच वापर होतो, म्हणून बंद असताना जेवढा लांब त्याहून उघडल्यावर फार वाढत नाही. रिअर फोल्डचा कडक फ्लोअर मागे उलटतो, म्हणजे लांबी एकदम ट्रेलरच्या डब्याएवढी वाढते आणि ती नेमकी वाढते खांब, नळ आणि मागच्या साइटच्या कुंपणाकडे. मग ट्रेलर पुढे ओढून लावावा लागतो, मग गाडीला जागा उरत नाही, मग ऑफिसमधून माणूस येऊन सांगतो की गाडी ओव्हरफ्लो पार्किंगला लावा. शिवाय फ्लोअर अर्धा स्लॅबवर अर्धा गवतावर आला तर त्याचे पाय खालीवर करून लेव्हल करताना घाम निघतो.

विंड-अपचे बेड पुढे आणि मागे दोन्हीकडे बाहेर येतात. लांबी वाढते पण रुंदी अजिबात नाही, दार डावीकडे, डावं अंगण पूर्ण मोकळं. तुमच्यासारख्या फक्त पार्कात जाणाऱ्या कुटुंबाला माझं मत विंड-अप एक नंबर, फॉरवर्ड फोल्ड दोन नंबर. एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला मुलं, मधे टेबल तसंच राहतं. फॉरवर्ड फोल्डमध्ये मुलांना झोपवायचं तर रोज रात्री लाउंजचं टेबल खाली घेऊन बेड करायचा आणि मुलं आठला झोपली की तुम्ही दोघं बाहेर खुर्चीवर, थंडी असो नाहीतर वारा.

---

ओट्यावरची_बाई

वरच्यांशी सहमत, पण स्वयंपाकघराचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते, कारण शेवटी तिथे उभं आपल्यालाच राहायचं असतं.

विंड-अपमध्ये किचन आत असतं. पावसात आणि व्हिक्टोरियाच्या त्या गार वाऱ्यात चहा करायला फार सुख, पण फोडणी आत द्यायची नाही हो. कॅनव्हासमध्ये वास बसतो तो महिनाभर जात नाही, आणि पुढच्या ट्रिपला उघडलं की आधी हिंग-मोहरीचा भपकारा. आमच्याकडे नियम आहे, चहा-दूध-टोस्ट आत, बाकी सगळं बाहेर ऑनिंगखाली एका छोट्या गॅसवर नाहीतर पार्काच्या कॅम्प किचनमध्ये. तिथे बार्बेक्यू असतात, सिंक असतं, बऱ्याच ठिकाणी फ्रिज, मायक्रोवेव्हही. म्हणून स्टेनलेस स्टीलच्या भल्यामोठ्या चार बर्नरच्या स्लाइड-आउट (ड्रॉवरसारखं बाहेर ओढायच्या) किचनसाठी जास्तीचे पैसे आणि वजन घेऊ नका, ते त्यांच्यासाठी जे आठवडाभर कुठल्याच सोयीविना राहतात.

स्लाइड-आउट असलेलाच घेतलात तर ते कुठल्या बाजूने निघतं ते बघाच. डावीकडे ऑनिंगखाली आलं पाहिजे. मागच्या टेलगेटवर किचन असलेले जुने ट्रेलर बघितलेत, त्यात बाई मागे कुंपणाकडे तोंड करून भांडी घासतेय आणि सगळे पुढे गप्पा मारतायत, आणि पाऊस आला की छत्री धरायला कुणीतरी हवं.

आई-बाबांबद्दल, गुडघ्यांचा विचार आधी करा. रिअर फोल्डमध्ये बेड ट्रेलरच्या वर, छातीच्या उंचीवर, शिडी चढून जायचं, आणि रात्री दोनदा टॉयलेटला उठायचं तर अंधारात तीच शिडी उतरायची. त्यांना शक्यतो शेजारची केबिन घ्या, जेवणखाण एकत्र करा.

---

खुंटी_आणि_दोरी

इथे सॉफ्ट फ्लोअरवाला कुणी दिसत नाही म्हणून बाजू मांडतो. वजनाला हलका, किंमत कमी, तंबू उघडला की हॉलएवढी खोली, सहा जण आरामात. मध्यम एसयूव्हीला ओढताना जाणवतसुद्धा नाही. आम्ही वर्षानुवर्षं वापरतोय आणि मुलं त्यातच मोठी झाली.

फक्त साइट निवडून घ्यावी लागते. तंबू डावीकडे उघडतो, त्यापुढे ऑनिंग, म्हणजे रुंदी भरपूर लागते, आणि खुंट्या ठोकायला माती लागते. स्लॅब किंवा दाबलेली खडी असेल तर साधी खुंटी वाकते, मग ड्रिलने फिरवून घालायच्या स्क्रूच्या खुंट्या लागतात आणि स्लॅबवर तर त्याही चालत नाहीत, पाण्याच्या वजनाच्या पिशव्या लावाव्या लागतात. म्हणून मी बुकिंग करतानाच गवताची साइट मागतो, अनपॉवर्ड असली तरी चालते. आणि गवतावर निळी प्लास्टिक ताडपत्री अंथरू नका, खालचं गवत मरतं म्हणून बरेच पार्क नाही म्हणतात, हवा खेळणारं जाळीचं मॅटिंग घ्या.

---

तंबू_ते_ट्रेलर

@खुंटी_आणि_दोरी दादा, जागेचा आणि किमतीचा मुद्दा एकदम मान्य, पण त्यांना पॉवर्ड साइट हवीये आणि दोन-तीन रात्रीच राहायचंय. दोन रात्रींसाठी तेवढा कॅनव्हास ताणायचा आणि सकाळी १० ला चेक-आउट म्हणून दवाने ओला असतानाच गुंडाळायचा, मग घरी येऊन ड्राइव्हवेवर परत उघडून वाळवायचा, नाहीतर बुरशी. कॅनव्हास प्रत्येक प्रकारात आहेच, पण जमिनीला टेकणारा सगळ्यात जास्त सॉफ्ट फ्लोअरमध्ये, आणि खालची किनार कधी कोरडी होत नाही. लांब मुक्काम असेल तर मीही तुमच्या बाजूने.

---

पंधरा_अँप

लेआउटबरोबर दोन गोष्टी तपासा, वीज आणि वजन.

वीज: पार्कातले सॉकेट १५ अँपचे असतात, त्याच्या प्लगची अर्थची पिन रुंद असते, घरच्या १० अँपच्या सॉकेटमध्ये ती जात नाही. बरेच ऑफ-रोड कॅम्पर ट्रेलर फक्त १२ व्होल्टवर असतात, भली मोठी बॅटरी, सोलर पॅनेल, पण बाहेरून २४० व्होल्टची केबल लावायला इनलेटच नाही. म्हणजे पॉवर्ड साइटचे पैसे भरून वीज दारात थांबणार. यार्डात पहिलं हेच विचारा, १५ अँपचा इनलेट आणि आत सेफ्टी स्विच (गळती झाली की वीज तोडणारा) आहे का. विंड-अपमध्ये हे सहसा असतंच. केबल १५ अँपची जाड, एकसंध घ्या, दोन जोडून वापरू नका, आणि हीटर लावला की केबलची गुंडाळी पूर्ण सोडवून ठेवा कारण गुंडाळलेली केबल तापते. घरी ड्राइव्हवेवर लावायला म्हणून ती रुंद पिन कानशीने घासणारे लोक आहेत, तो उद्योग कुणी करू नका, बेकायदा आहे आणि आग लागू शकते. आणि थंडी कितीही असली तरी गॅसचा किंवा कोळशाचा कुठलाही हीटर कॅनव्हासच्या आत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळतसुद्धा नाही.

वजन: तुमचे १८०० म्हणजे ट्रेलरचा एटीएम त्याच्या आत हवा, एटीएम म्हणजे सामान, पाणी, गॅस सगळं भरून जास्तीत जास्त वजन. यार्डातला माणूस टेअर सांगतो, म्हणजे रिकामा. टेअर १४०० असला आणि एटीएम २००० तर तो तुमच्यासाठी नाही, कागदावर कितीही आवडला तरी. ६० लिटरची टाकी भरली की ६० किलो तिथेच गेले, आणि पार्कात नळ असताना ती रस्त्यावर वाहायची गरजच काय. टो बॉलवरचं (गाडीमागच्या जोडणीच्या गोळ्यावरचं) वजन साधारण एटीएमच्या १० टक्के धरा आणि तुमच्या गाडीला बॉलवर किती चालतं ते मॅन्युअलमध्ये वेगळं दिलेलं असतं, ते बघा. ७५० किलोच्या वर ब्रेक लागतातच, ते इलेक्ट्रिक असतील तर गाडीत ब्रेक कंट्रोलर बसवायचा खर्च धरा. इथे हेवी ऑफ-रोड फॉरवर्ड फोल्ड बरेचसे बाद होतील, तुमचा निर्णय आपोआप सोपा होईल.

---

यारा_काठचा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं तर यार्डातल्या कुणीच सांगितलं नाही. एका फॉरवर्ड फोल्डची वजनाची प्लेट फोटोत परत बघितली, एटीएम २२०० आहे, म्हणजे तो गेलाच. आई-बाबांसाठी केबिन, हे बायकोने वाचून लगेच मान्य केलं.

आता विंड-अपकडे कल आहे. पण लांबी वाढते म्हणालात, ती पार्कात अडत नाही का? आणि वापरलेला घेताना काय बघू?

---

तंबू_ते_ट्रेलर

अडू शकते, म्हणून बुकिंगच्या फॉर्ममध्ये जिथे लांबी विचारतात तिथे उघडलेली लांबी लिहा, ड्रॉबारसकट, पुढच्या बेडच्या टोकापासून मागच्या बेडच्या टोकापर्यंत. बरेच जण बंद ट्रेलरची लिहितात आणि मग छोटी साइट मिळते. फोन करून तीन गोष्टी विचारा: साइट किती लांब-रुंद, स्लॅब कुठे आहे, आणि खांब कुठल्या कोपऱ्यात. ड्राइव्ह-थ्रू साइट (एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर) मिळाली तर सोन्याहून पिवळं. एक सांगतो, छोटा ट्रेलर मोठ्या व्हॅनपेक्षा रिव्हर्सला अवघड असतो, स्टिअरिंग जरा फिरवलं की लगेच वळतो, म्हणून अगदी हळू घ्या आणि शेवटचे दोन मीटर अडलंच तर हुक काढून जॉकी व्हीलवर (ड्रॉबारखालच्या छोट्या चाकावर) हाताने ढकला. तेवढ्यासाठी तरी हलका घ्या.

आणि घ्यायच्या आधी हे कराच. ड्राइव्हवेवर खडूने त्या मॉडेलचा उघडलेला आकार काढा, डावीकडे अडीच मीटर ऑनिंग, शेजारी गाडी, आणि चार खुर्च्या खरोखर मांडून बसा. मुलांनाही बोलवा. कोण कुठून कुठे जाणार ते तिथेच कळतं.

---

ओट्यावरची_बाई

वापरलेल्याचं मी सांगते. विकणाऱ्याला म्हणा, पूर्ण उघडून दाखवा, आणि उघडताना तुम्ही स्वतः हँडल फिरवा. छप्पर चारही कोपऱ्यांतून एकसारखं वर आलं पाहिजे, एक कोपरा मागे राहत असेल किंवा कटकट आवाज येत असेल तर आतली केबल गेलीये. मग आत जाऊन झिपा बंद करा आणि भर उन्हात कॅनव्हासकडे बघा, शिवणीतून उजेडाचे ठिपके दिसले तर पाणी तिथूनच येणार. बेडच्या खालच्या प्लायवर हात फिरवा, कोपऱ्यात मऊ लागला की सोडून द्या. गाद्या उचलून खाली काळे डाग बघा. वास घ्या, बुरशीचा वास परफ्यूम मारूनही लपत नाही.

नवीन कॅनव्हास असेल तर पहिल्या ट्रिपच्या आधी घरीच होजने दोन-तीनदा भिजवून पूर्ण वाळवा, धागे फुगून शिवणीची भोकं बुजतात.

---

यारा_काठचा

शनिवारी एक विंड-अप बघायला जातोय, एटीएम १५०० च्या आत आहे आणि १५ अँपचा इनलेट आहे असं फोनवर विचारून घेतलंय. टॉर्च, मोजपट्टी आणि खडू काढून ठेवलाय. उघडलेली लांबी-रुंदी इथे टाकतो, मग फिलिप आयलंडला ईस्टरसाठी कुठल्या साइट मागाव्यात ते सांगा, बुकिंग भराभर जातायत.