एअरफ्लो सेन्सर खरोखरच बिघडला आहे, हे कसे तपासावे?

प्रश्न
माझ्या 1.5 लिटर पेट्रोल गाडीचे इंजिन आयडलिंगला थरथरते आणि स्कॅनरवर पी0171 (हवेच्या मानाने इंधन कमी) व पी0101 हे दोन कोड येतात. मेकॅनिकने एअरफ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा भाग) बदलण्यास सांगितले आहे, परंतु महागडा भाग बदलण्यापूर्वी खात्री करून घेण्याचा काही मार्ग आहे का?

उत्तर 1
पी0101 या कोडवरून सेन्सर दोषी ठरत नाही. सेन्सरने मोजलेली हवा आणि थ्रॉटल (हवेची झडप) व आरपीएमवरून ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या संगणकाने, बांधलेला अंदाज जुळत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलिंगला, आणि मग 2500 आरपीएम स्थिर ठेवून, शॉर्ट टर्म व लाँग टर्म फ्युएल ट्रिमची (ईसीयू इंधनात करत असलेली तात्पुरती व दीर्घकालीन दुरुस्ती, टक्क्यांत; इंधन वाढवले तर अधिक, घटवले तर उणे) बेरीज टिपून घ्यावी. आयडलिंगला ती बरीच अधिक असून आरपीएम वाढताच उतरत असेल, तर सेन्सरनंतर इंजिनच्या बाजूला कुठेतरी न मोजलेली हवा आत शिरत आहे, असे समजावे. कारण एकूण हवा वाढली की गळतीचा वाटा आपोआप लहान होतो. उलट, भार वाढेल तशी बेरीज चढत गेली, तर सेन्सर कमी मोजत असण्याची शक्यता अधिक; मात्र इंधनाचा दाब अपुरा असला तरीही आकडे असेच दिसतात.

उत्तर 2
वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. सेन्सरचीच परीक्षा घ्यायची तर हिशेब सोपा आहे. टर्बो नसलेले 1.5 लिटरचे इंजिन 6000 आरपीएमला सेकंदाला जास्तीत जास्त 75 लिटर, म्हणजे सुमारे 90 ग्रॅम हवा ओढू शकते. पूर्ण थ्रॉटलला प्रत्यक्षात 70 ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून अधिक आकडा दिसायला हवा. तो 50 वरच अडकला, तर एअर फिल्टर पाहून सेन्सर त्याच्यासाठीच्या खास स्प्रेने स्वच्छ करावा. आतील तार अतिशय नाजूक असते, तिला बोट किंवा कापड मुळीच लावू नये, आणि स्प्रे पूर्ण वाळल्याशिवाय प्लग जोडू नये.

प्रश्नकर्ता
आपले मनापासून आभार. बेरीज आयडलिंगला अधिक 22 टक्के आणि 2500 आरपीएमला अधिक 6 टक्के आली, म्हणून सेन्सरपासून थ्रॉटलपर्यंतचा रबरी पाइप काढून पाहिला. खालच्या बाजूच्या घडीत बोटभर लांबीची चीर होती. पाइप ताणल्याशिवाय ती दिसतही नव्हती. नवा पाइप बसवल्यापासून आयडलिंगची बेरीज अधिक 3 टक्क्यांवर स्थिर आहे आणि सेन्सर जुनाच आहे.