वेळ घेऊनही न येणारे रुग्ण

प्रश्न : रूट कॅनालसाठी राखून ठेवलेला तास रुग्ण न आल्याने वाया जातो आणि रद्द केल्याचा निरोप, आलाच तर, निर्जंतुक केलेली उपकरणे मांडून झाल्यावर येतो. यावर उपाय काय?

उत्तर १ : आठवणीचा संदेश ४८ तास आधी पाठवून होकार मागवावा, म्हणजे रिकामी झालेली वेळ प्रतीक्षायादीतील रुग्णाला देता येते, त्याच सकाळी पाठवलेल्या संदेशाने ती भरून निघत नाही.

उत्तर २ : माझ्या मते खरे कारण विसरणे नव्हे, ठणका थांबला की रुग्णाला उपचार संपल्यासारखेच वाटते. दोन भेटींच्या मध्ये दात बंद ठेवण्यासाठी भरलेले तात्पुरते सिमेंट झिजले की जंतू पुन्हा आत शिरतात, हे पहिल्याच भेटीत एक्स-रे समोर धरून सांगू लागल्यापासून आमच्याकडे दुसऱ्या भेटीला दांडी मारणारे कमी झाले. दंड मात्र आकारू नये. घाबरलेला रुग्ण त्याने आणखी दुरावतो.

प्रश्नकर्ता : भीतीचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता.