मदत हवी आहे: ॲस्पिनल-गान लढत 'नो कॉन्टेस्ट' (निकालाविना रद्द), बेटचा हिशोब कसा धरतात?

लंडनकर_९:
यूएफसी ३२१ (मिश्र मार्शल आर्ट म्हणजे एमएमएच्या लढतींचा कार्यक्रम, अबू धाबी, २५ ऑक्टोबर २०२५) चा हिशोब डोक्यावरून जातोय. गानची बोटं ॲस्पिनलच्या डोळ्यात गेली आणि त्यांची लढत थांबली. खातं ब्रिटनमधल्या परवानाधारक बुकमेकरकडे आहे. तीन स्लिपा:

१) २० पौंडांचा ॲक्युम्युलेटर (तिघांच्या विजयावर एकत्र बेट, भाव गुणून): टॉम ॲस्पिनल १.३०, मॅकेन्झी डर्न २.००, उमर नुरमागोमेदॉव १.२५. डर्न आणि उमर जिंकले. ६५ पौंड धरले होते, जमा झाले ५०.
२) ॲस्पिनल-गान लढत 'दीड राउंडपेक्षा कमी' चालेल यावर १० पौंड. लढत पहिल्याच राउंडमध्ये ४:३५ ला थांबली, तरी नुसते १० परत.
३) 'अर्ध्या राउंडपेक्षा जास्त' वर १० पौंड. ही मात्र जिंकली म्हणून दाखवतात!

दुसरी रद्द आणि तिसरी चालू, हे कसं? आणि डोळ्यात बोटं गानची गेली, तर ॲस्पिनलला विजयी का नाही केलं? तक्रार करण्यात अर्थ आहे का?

अष्टकोन:
आधी शेवटचं. फाउल जाणूनबुजून केलाय असं रेफ्रीला वाटलं तरच डिस्क्वालिफिकेशन (डीक्यू, फाउल करणारा बाद). चुकून झाला आणि समोरचा खेळूच शकत नसेल, तर किती राउंड पूर्ण झालेत ते बघतात: तीन राउंडच्या लढतीत दोन, पाचच्या लढतीत तीन. तेवढे झाले असतील तर गुण मोजून टेक्निकल डिसिजन, अर्धवट राउंडचेही गुण धरून. नसतील तर नो कॉन्टेस्ट. इथे एकही पूर्ण नव्हता. मार्च २०२१ ला लिऑन एडवर्ड्स-बेलाल मुहम्मद दुसऱ्या राउंडच्या १८ व्या सेकंदाला थांबली, तेव्हाही हेच.

ॲक्युम्युलेटर बरोबर आहे. रद्द झालेल्या लढतीचा भाव १.०० धरतात. २.०० × १.२५ = २.५०, गुणिले २० = ५०.

दोन आणि तीनमध्ये फरक एवढाच की लढत थांबली त्या क्षणी काय ठरून गेलं होतं. अर्धा राउंड म्हणजे २:३०. तो केव्हाच उलटला होता, त्यामुळे 'जास्त' पक्कं. दीड राउंड म्हणजे दुसऱ्याचे २:३०, एकूण साडेसात मिनिटं. ४:३५ ला ते कुठल्याच बाजूने ठरलेलं नव्हतं, म्हणून पैसे परत. बहुतेकांच्या नियमात 'आधीच निश्चित झालेल्या बेट सोडून बाकी रद्द' असं वाक्य असतं. काही जण मात्र नो कॉन्टेस्टला सगळंच रद्द करतात.

कोपऱ्यातला_कोच:
+१. पण नो कॉन्टेस्ट आणि ड्रॉ एकाच मापाने मोजू नका, खरी गोची ड्रॉला होते.

डिसेंबर २०२० ची फिगेरेडो-मोरेनो घ्या. तिसऱ्या राउंडमध्ये फिगेरेडोची लाथ जांघेत बसली, एक गुण कापला. जजांची कार्ड (गुणपत्रकं) आली ४७-४६ फिगेरेडो, ४७-४७, ४७-४७, म्हणजे ड्रॉ. तो गुण कापला नसता तर तिन्ही कार्डांवर फिगेरेडो. नुसत्या 'कोण जिंकेल' या दोन पर्यायांच्या बाजारात पैसे परत. ड्रॉ हा तिसरा पर्याय असलेल्या बाजारात दोन्ही बाजूंचे पैसे बुडीत. आणि 'फिगेरेडो, डिसिजनने' (गुणांवर) लावलेलेही बुडीत, कारण पद्धतीच्या (लढत कशी संपेल त्या) यादीत ड्रॉ सहसा असतोच. दोन बुकमेकरांकडे उलटसुलट बेट लावून फायदा पक्का करायला जाणारे नेमके इथे मार खातात: एकीकडे दोन पर्याय, दुसरीकडे तीन.

डीक्यू तर सरळ विजय. यूएफसी २५९ ला पेत्र यानने खाली टेकलेल्या ॲल्जमेन स्टर्लिंगला गुडघा मारला आणि बाद झाला, स्टर्लिंगवाल्यांना पूर्ण पैसे. पद्धतीच्या बाजारात डीक्यू बऱ्याच ठिकाणी केओ/टीकेओच्याच (नॉकआउटच्या) खान्यात असतो. खान्याचं नाव नीट वाचा.

लंडनकर_९:
आभार, आता उजेड पडला. उद्या कमिशनने (लढतींवर देखरेख करणाऱ्या संस्थेने) निकाल बदलला तर?

अष्टकोन:
बेटवर सहसा काही परिणाम नाही. त्या दिवशी पिंजऱ्यात जाहीर झालेला निकालच धरतात. यूएफसी २१४ (जुलै २०१७) ला जॉन जोन्सने कॉर्मिएला नॉकआउट केलं, मग डोपिंगमध्ये सापडला आणि कॅलिफोर्नियाच्या कमिशनने तो निकाल नो कॉन्टेस्ट केला. अशा वेळी दिलेले पैसे परत मागत नाहीत आणि हरलेल्यांना परत देतही नाहीत.

तक्रारीचं म्हणाल तर तुमच्या तिन्ही स्लिपा नियमात बसतात, वेळ घालवू नका. एरवी रस्ता असा: स्लिपचा आणि त्या दिवशीच्या नियमांच्या पानाचा स्क्रीनशॉट, मग बुकमेकरकडे लेखी तक्रार. आठ आठवड्यांत सुटली नाही किंवा त्यांनी अंतिम उत्तर देऊन हात वर केले, तर आयबाससारख्या स्वतंत्र लवादाकडे. ग्राहकाला फी नाही. साधारण नियम आणि एमएमएचे नियम वेगळ्या पानांवर असतात, दोन्हींचे काढा.

पुणेरी_जॅब:
भारतातून वाचणाऱ्यांनी हे हिशोब माहितीपुरतेच ठेवा. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळ पुरवायला इथे बंदी आहे. परदेशी ॲपने पैसे अडवले तर दाद मागायला कुणी नाही.

कोपऱ्यातला_कोच:
एक राहिलं. फ्री बेट (बुकमेकरने प्रमोशन म्हणून दिलेलं टोकन) वापरून लावलेली लढत रद्द झाली तर टोकन परत मिळेलच असं नाही, काही जण ते वापरलं गेलं असं धरतात. लंडनकर, तुमच्या २० पौंडांत प्रमोशनचे किती होते?

लंडनकर_९:
शून्य. सगळे खिशातले.