आंबा घाटात गाडी बंद पडते, आता सकाळी पण रडते. डिझेलचा पंप काढायला देऊ का?

घाटमाथ्यावरचा

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, पण वाचा. डोकं चालेनासं झालंय.

अकरा वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. या दसऱ्याला स्वतःची घेतली. नवी म्हणजे माझ्यासाठी नवी. 2018 ची गाडी, सहा टायरी ट्रक, बीएस 4 (धुराच्या नियमांचा तेव्हाचा टप्पा), कॉमन रेल (पंप एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, डिझेल दाबून भरतो आणि तिथून नोझल ते इंजिनात फवारतात). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर निम्मे लोक कोणती कंपनी चांगली यावरच भांडत बसतील. हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेली गाडी. आठ महिने यार्डात उभी होती, सगळा पावसाळा अंगावर घेऊन. टायर बरे होते, इंजिनाचा आवाज गोड होता, ब्लो-बाय नव्हता, म्हणजे पिस्टनच्या कडेनं गॅस खाली सुटत नव्हता. घेतली.

जाताना रत्नागिरीकडे पशुखाद्य नाहीतर सिमेंट, येताना पालीजवळच्या खाणीवरून चिरा, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड. तिसऱ्या खेपेला पहिल्यांदा झालं. साखरपा सोडलं, घाट लागला, दुसऱ्यात गाडी छान ओढत होती. मधल्या एका वळणाच्या अलीकडे पिकअप सुटला. पेडल तळाला, आरपीएम मात्र खाली खाली. दोन-तीन गचके दिले आणि गप. इंजिन गेलं की पॉवर स्टिअरिंग पण गेलं. रात्रीचे साडेअकरा, मागे चिरा, खाली दरी. क्लिनरनं उडी मारून चाकाला दगड लावले. त्या पोराला मी दुसऱ्या दिवशी शर्टाचं कापड घेतलं.

दहा मिनिटं थांबून सेल्फ मारला तर जणू काही झालंच नाही अशी चालू. आंब्यापर्यंत एका दमात चढली. तेव्हापासून चार वेळा झालंय, चारही वेळा घाटातच. सपाटीला कधी नाही, उतारावर कधी नाही.

आतापर्यंत केलेलं: दोन्ही डिझेल फिल्टर बदलले. फरक शून्य. क्रँक सेन्सर (इंजिन किती फिरतंय ते गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा) बदलला. शून्य. बॅटऱ्यांचे टर्मिनल साफ केले. त्यात आता नवीनच सुरू झालंय. सकाळी पहिल्या सेल्फला गाडी घेत नाही. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन उचलत नाही. फिल्टरवरचा हँड पंप तीस-चाळीस वेळा मारला की मग घेते. आधी हे नव्हतं, फिल्टर बदलल्यानंतरच्या आठवड्यात सुरू झालं. मेस्त्री म्हणतो थंडी आहे.

काल स्कॅनर लावला. पी 0087 आला, म्हणजे रेलचं प्रेशर कमी. आता तो म्हणतो पंप आणि नोझल सगळं काढून पंपरूमला (डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे) द्या, पंच्याऐंशी हजार धरून चला. हप्ता बारा तारखेला आहे. देऊ का?

चाकणचा फिटर

0087 आला म्हणजे पंपच. टाळाटाळ करू नका, एक दिवस भर घाटात कायमची बंद पडेल. आणि ओव्हरलोड भरत असाल तर गाडीला दोष देऊ नका.

घाटमाथ्यावरचा

काटा पावती आहे माझ्याकडे, 15.9 टन. 2018 च्या जुलैत दोन एक्सलच्या गाडीचं एकूण वजन 16.2 वरून 18.5 टन झालं, पण माझी गाडी त्याच्या आधीची, पुस्तकावर 16.2 च आहे. तेवढंच भरतो. हप्ता फेडायचाय, आरटीओला पोसायचं नाही.

हातखंबा तिठा

दादा, एक नीट आठवून सांगा. बंद पडते तेव्हा चावी काढल्यासारखी फाटकन पडते की धापा टाकत जाते?

माझी गाडी अशीच पडायची. चालता चालता पट्ट. काटा शून्यावर, डॅशबोर्डवरचे दिवे लपलप. इंजिन आणि चासी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी निघाली. आमच्याकडची तांबडी माती तिच्या बोल्टात जाऊन बसलेली, वरून बघितलं तर ठाकठीक. हादरा बसला की अर्थ सुटायचा. खरवडून, पॉलिश पेपर मारून घट्ट केली, खर्च एक चहा. म्हणून विचारतो. फाटकन पडत असेल तर वायरिंग, रिले, अर्थिंग बघा. धापा टाकत जात असेल तर डिझेल.

घाटमाथ्यावरचा

धापा टाकत. म्हशीला ओढ्यात घातल्यावर ती कशी हळूहळू बसते, तशी.

उद्यमनगरचा जुना पाना

पाहुणं, पंचवीस वर्षं कोल्हापुरात उद्यमनगरात डिझेलच्या गाड्या उघडल्या. आता डोळे गेले, पण कान आहेत. पंप उघडू नका. निदान या आठवड्यात तरी नको.

तुमच्याच लिहिण्यात उत्तर आहे, नीट वाचा. घाटात पडायची ती फिल्टर बदलायच्या आधीपासून. सकाळी रडायला लागली ती फिल्टर बदलल्यावर. म्हणजे ही दोन दुखणी आहेत. तुमचा मेस्त्री दोन्हींची एकच मोळी बांधून पंपाच्या डोक्यावर ठेवतोय.

त्या स्कॅनरचं असं आहे, तो खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतो. रेलला प्रेशर चढलं नाही एवढंच त्याला कळतं. का चढलं नाही, ते त्याला कुठून कळणार? पंपाला मागून डिझेलच मिळालं नाही तरी तो 0087 च दाखवणार. शेतात मोटर चालू आहे आणि पाणी येत नाही, तर आपण मोटर खोलतो का? आधी विहिरीत वाकून बघतो, मग फूटव्हॉल्व्ह बघतो, मग पाईप कुठं हवा ओढतोय ते बघतो. इथंही तसंच. टाकी म्हणजे विहीर.

आता मला दोन गोष्टी सांगा. घाटात पडते तेव्हा टाकीत डिझेल किती असतं? आणि यार्डातून आणल्यावर टाकी एकदा तरी उतरवून धुतली का?

घाटमाथ्यावरचा

अण्णा, टाकी नाही धुतली. डिझेल... आता तुम्ही विचारल्यावर डायरी काढून बघितली. मी मलकापुरात टाकी फुल करतो. चारही वेळा परतीला झालंय, म्हणजे काटा निम्म्याच्या खालीच असणार. एकदा रत्नागिरीत डिझेल टाकलं होतं, त्या खेपेला पडली नव्हती. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

उद्यमनगरचा जुना पाना

मग टाकीत काहीतरी तरंगतंय. लिहून ठेवा.

भरलेल्या टाकीत ते इकडं तिकडं फिरत राहतं. डिझेल कमी झालं की त्याला फिरायला जागा कमी. त्यात चढ, त्यात लोड. लोडवर इंजिन डिझेल जास्त मागतं, म्हणून सक्शन पाईपची ओढ जास्त. ते जाऊन पाईपच्या तोंडाला चिकटतं. इंजिन उपाशी पडतं, धापा टाकतं, मरतं. मेलं की ओढ संपली, ते सुटून बाजूला जातं. तुम्ही दहा मिनिटं बिडी ओढता, गाडी चालू होते. सपाटीला ओढ कमी, म्हणून तिथं होत नाही. टाकी खाली उतरवा. वरून बॅटरी मारून बघू नका, काही दिसायचं नाही. पूर्ण उतरवा, डिझेल पिंपात काढा, आत हात घाला.

सकाळच्या दुखण्याला थंडीचं नाव देऊ नका. मलकापूर म्हणजे काय लेह नाही. हँड पंप मारल्यावर घेते याचा अर्थ रात्रीतून लाईन रिकामी होते. कुठून तरी हवा शिरते आणि डिझेल टाकीकडं परत जातं. फिल्टर बदलताना ज्या जोडाला हात लागला, संशय त्याच्यावर. पोकळ बोल्टाच्या दोन्ही बाजूला तांब्याचे वायसर असतात. ते एकदा दाबले गेले की मेले. बरेच जण जुनेच परत टाकतात, चार पैशांचा कंटाळा.

हवा आत जाते ती जागा डोळ्याला दिसत नाही. चालू गाडीत तिथं सक्शन असतं, डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून उलटं करायचं. संध्याकाळी गाडी सपाटीला उभी करा. टाकीकडून येणारा पाईप काढून तिथं स्वच्छ डिझेलचा पाच लिटरचा डबा जोडा आणि डबा फिल्टरपेक्षा वर टांगा. सायलेन्सर, टर्बोपासून लांब, आणि इंजिन गार झाल्यावरच. हँड पंप कडक होईपर्यंत मारा. खाली वर्तमानपत्र पसरा आणि झोपायला जा. आता डिझेल वरून दाब देणार, म्हणून जिथून हवा आत जाते तिथूनच डिझेल बाहेर पाझरणार. सकाळी पेपर वाचा.

अजून एक, हे सगळ्यांसाठी. जुन्या गाड्यांना आपण चालू इंजिनात नोझलचा नट ढिला करून हवा काढायचो. कॉमन रेलला तसलं काही करायचं नाही. रेलमध्ये दीड हजार बारच्या वर प्रेशर जातं. बारीक धार सुईसारखी कातडीत घुसते, डिझेल आत राहतं आणि बोट कापावं लागतं. माझ्याकडच्या एका पोरानं उजव्या हाताचं एक बोट असंच घालवलंय.

हातखंबा तिठा

अण्णा, पेपर वाचायची युक्ती झकास. आमच्याकडे पारदर्शक नळी मध्ये टाकून बुडबुडे बघतात. बुडबुडे दिसतात खरे, पण येतात कुठून ते कळत नाही.

घाटमाथ्यावरचा

सहा दिवसांनी लिहितोय. एक खेप बुडाली, पण ऐका.

रविवारी टाकी उतरवली. मी, क्लिनर आणि धाकटा भाऊ. वरचं डिझेल पिंपात काढलं तोवर ठीक दिसत होतं. तळाचं आलं आणि वास फिरला. काळा गिळगिळीत गाळ, भाताच्या पेजेसारखा जाड, आणि त्याच्याखाली पाणी. आठ महिन्यांचं यार्ड. मी कोपरापर्यंत हात घालून गाळ उपसत होतो तेव्हा बोटांना काहीतरी मऊ लागलं.

गुटख्याची रिकामी पुडी.

राज्यात बंदी 2012 पासून, माझ्या टाकीत मात्र चालू. रंग उडून चांदी झालेली, पण फाटलेली नाही. मधोमध एक गोल वळ उठलेला. भावाने सक्शन पाईप आणून त्याचं तोंड वळावर ठेवलं. बरोबर बसलं. आम्ही तिघंही एक मिनिट काही बोललो नाही. पाईपच्या टोकाला जाळी असायला हवी होती, ती कुणी कधी काढली देव जाणे.

टाकी दोनदा धुतली, उन्हात वाळवली, जाळी बसवली, फिल्टर पुन्हा नवे. मंगळवारी आणि गुरुवारी चिरा भरून घाट चढलो. गुरुवारी मुद्दाम काटा खाली ठेवला होता. त्या वळणावर हात घामानं ओले झाले होते, खोटं कशाला बोलू. गाडीनं ढुंकून बघितलं नाही, सरळ आंब्यात येऊन थांबली.

पण सकाळचं रडणं तसंच होतं. अण्णा म्हणाले तसंच, दोन दुखणी. काल रात्री डबा टांगला, पेपर पसरला. सकाळी सहाला बायको आधी बाहेर गेली आणि तिथूनच ओरडली, “अहो, तुमच्या पेपराला डाग पडलाय!” रुपयाएवढा. बरोबर वरती हँड पंपाशेजारचा पोकळ बोल्ट. खोलला तर एका बाजूला वायसर एकदम चपटा आणि दुसऱ्या बाजूला वायसरच नाही. दोन्ही नवे टाकले. चाळीस रुपये. आज रात्री कळेल, पण दुपारी चार तास उभी ठेवून सेल्फ मारला तर पहिल्या फेऱ्याला घेतली.

मेस्त्रीला पुडी नेऊन दाखवली. म्हणाला, “असं होतं कधी कधी.” क्रँक सेन्सरचे पैसे काही परत देत नाही.

चाकणचा फिटर

मी पंप म्हणालो होतो. माझी चूक. पुडीचा फोटो टाका.

उद्यमनगरचा जुना पाना

जुना क्रँक सेन्सर फेकू नका, तो चांगला असणार. केबिनमध्ये ठेवा, कधी रस्त्यात उपयोगी पडेल. आणि टाकीत पाणी होतं म्हणून महिनाभर रोज सकाळी फिल्टरखालचा ड्रेन उघडून कपभर डिझेल काचेच्या ग्लासात बघा. पाणी तळाला वेगळं दिसतं. नोझलनं पाणी प्यायलं असेल तर ते पुढं कळेल, आज त्याची काळजी करू नका. हप्ता भरा.

घाटमाथ्यावरचा

अण्णा, एकच शेवटचं. पिंपात काढलेलं साठ-सत्तर लिटर डिझेल तसंच आहे. वरून स्वच्छ दिसतं. भाऊ म्हणतोय फडक्यातून गाळून त्याच्या ट्रॅक्टरला घालतो. देऊ का?

उद्यमनगरचा जुना पाना

भावाशी बांधाची भांडणं चालू आहेत का?