गादा: ओळख, जाळी, पर्यटन – अनुभव लिहा

सिंधुदुर्गात गादा म्हणतात तो कुबडाचा डॉल्फिन, शास्त्रीय नाव सूसा प्लम्बिया. वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण असलेला, तरी दुर्लक्षित. पक्कं ठाऊक असेल तेवढंच लिहा. किस्से नकोत, कामाचं हवं.

निरीक्षण करणारे: वर येताना आधी लांब चोच तिरकी बाहेर येते, मग कुबड, आणि कुबडावर इवलासा पर. पर उंच, मागे वळलेला आणि कुबड नाही, तर तो बॉटलनोज डॉल्फिन. पाठीवर परच नाही, चोचही नाही, तर तो डॉल्फिन नव्हेच; भुलगा, म्हणजे बिनपराचा पॉरपॉइज. प्रत्येक गाद्याच्या परावरच्या खाचा वेगळ्या असतात, म्हणून फोटो बाजूने, पर स्पष्ट दिसेल असा घ्या. चेहऱ्याचा फोटो गोड दिसतो, ओळखायला निरुपयोगी.

न्हयवाले (जाळी लावणारे मच्छीमार): गादा सहसा वीस-पंचवीस मीटरच्या आतल्या पाण्यात, खाडीच्या तोंडाशी राहतो. बोय, ढोमा, तारली हे मासे तिथेच, आपली जाळीही तिथेच. मासा ओढताना तो जाळं फाडतो, हे खरं नुकसान. पण तंगुसाच्या (नायलॉनच्या) बारीक धाग्यावरून त्याच्या आवाजाचा प्रतिध्वनी नीट परतत नाही. शेपटी अडकली की वर येऊन श्वास घेता येत नाही आणि काही मिनिटांत तो गुदमरतो. रात्रभर राखणीविना सोडलेलं जाळं म्हणून सगळ्यात घातक. जिवंत सापडला तर आधी डोक्यावरचं श्वासाचं भोक पाण्याबाहेर धरा, मग चोच आणि शेपटीभोवतीचं जाळं कापा. शेपटी धरून ओढू नका, मणके निसटतात. कापलेल्या जाळ्याचे फोटो ठेवा. राज्याच्या योजनेत पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळते.

पर्यटन होडीवाले: समोरून आडवं जाऊ नका. बाजूने, त्याच्याच दिशेने, पन्नास मीटर राखून चला आणि थांबलात की इंजिन न्यूट्रलला ठेवा. पिल्लू असेल तर निघा. मादीला साधारण तीन वर्षांत एकच पिल्लू होतं. चार होड्यांनी घेरलं की कळप बुडी मारून लांब निघतो आणि त्या फेरीत कुणालाच काही दिसत नाही. गिऱ्हाईक मग आपल्यालाच बोलतं!

किनाऱ्यावरचे: वाळूत आला तर लगेच ढकलू नका. ओली फडकी टाका, श्वासाचं भोक सोडून. दोन्ही बाजूंच्या वल्ह्यांसारख्या परांखाली वाळू उकरा, सावली करा, गर्दी हटवा आणि वनखात्याला कळवा. मेलेला असला तरी कळवा. मापं आणि पोटातला माल तेव्हाच मिळतो.