अलेप्पोच्या १९७४ च्या स्लाइड्स: घरी स्कॅन कराव्यात का?

सात रस्ता:
घरात सीरियातल्या अलेप्पोच्या सुमारे ३०० स्लाइड्स आहेत, १९७४ च्या. बहुतेक कोडाक्रोम, थोड्या एक्टाक्रोम (दोन्ही कोडॅकच्या रंगीत स्लाइड फिल्म). छपराखालचा जुना बाजार, साबणाच्या वड्यांची रास, कापडाची दुकानं. २०१२ च्या सप्टेंबरात लढाईत तो बाजार बराच जळाला, म्हणून एकही फ्रेम बिघडायला नको. काहींवर बुरशीचे धागे दिसतात. घरीच स्कॅन करू का?

विजापूर वेस:
करा. आधी खोका माळ्यावरून उतरवा, आपल्या मे महिन्यात पत्र्याखाली रंग टिकत नाहीत. पाणी अजिबात लावू नका: बुरशीनं पोखरलेलं जिलेटिन (फिल्मवरचा चित्राचा थर) ओलं झालं की सुटतं आणि चित्रच निघून येतं. ब्लोअरनं धूळ उडवा. बुरशीला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणाऱ्या कापडावर, हलक्या हातानं. मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं. पहिला प्रयोग बिनकामाच्या स्लाइडवर.

स्कॅन ४००० डीपीआयला (इंचाला ४००० ठिपके), फाइल १६ बिट टिफ. एक फाइल साधारण १३० एमबी, म्हणजे सगळ्या मिळून ४० जीबीच्या आसपास. दोन डिस्कवर ठेवा, एक दुसऱ्या घरी. एक्टाक्रोम आधी घ्या, लालसर पडायला त्याच लागतात. कोडाक्रोमला स्कॅनरची इन्फ्रारेड धूळ-सफाई बंदच ठेवा. कोडाक्रोमचे गडद भाग इन्फ्रारेड अडवतात, मग स्कॅनर त्यांनाच धूळ समजतो आणि पाटीवरची अक्षरं पुसून टाकतो.

पूर्व भाग:
स्कॅन म्हणजे निम्मंच काम. प्रत्येक माउंटच्या (स्लाइडच्या चौकटीच्या) दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. त्यावर छापलेला महिना फिल्म धुतल्याचा असतो, फोटो काढल्याचा नव्हे. इमल्शनची (चित्राच्या थराची) बाजू मंद दिसते, तिरप्या उजेडात तिच्यावर हलका उठाव जाणवतो. ती पलीकडे ठेवली की चित्र सुलट.

आणि कृपा करून कडा कापू नका. उमय्यद मशिदीचा मिनार २०१३ च्या एप्रिलात पडला, पण त्याचे फोटो पुष्कळ आहेत. शेजारच्या दुकानातल्या तराजूचे फार थोडे, आणि तो तराजू कडेलाच अर्धवट आलेला असतो. मागाची फ्रेम निघाली तर मोठी करून इकडच्या, सोलापूरच्या एखाद्या जुन्या हातमाग विणकराला दाखवा. खड्डामाग (खड्ड्यात पाय सोडून चालवायचा) आहे का, धोटा (आडवा धागा नेणारा) हातानं फेकतात की दोरीनं, हे ते बघताक्षणी सांगतील. मग नोंदीत नुसतं ‘विणकर’ लिहावं लागणार नाही.

सात रस्ता:
एका एक्टाक्रोमचा पुठ्ठा फुगलाय. काढू?

विजापूर वेस:
काढा. कड ब्लेडनं उघडा, फिल्म कडेनंच धरा, नव्या प्लास्टिक माउंटमध्ये बसवा. जुना पुठ्ठा त्याच क्रमांकानं जपून ठेवा, हातानं लिहिलेलं त्यावरच आहे.